खडवलीची विहीर आणि गरम कोट

डोंबिवलीत त्या काळी लोकरीच्या कोटाची गरज मेंढ्यांशिवाय कुणाला नव्हती, आणि मेंढ्यांना तो जन्मतःच मिळतो. तरीही माझ्या खोलीबंधूनं लोकरीचा कोट शिवला. एका गुरूचे शिष्य ते गुरुबंधू, तसे एका खोलीत अंथरूण टाकणारे ते खोलीबंधू, असं आमचं नातं. पौषातसुद्धा जिथे माणसं पंच्याच्या टोकानं घाम पुसत, तिथे या गृहस्थानं ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका शिंप्याकडून अस्तराचा, चार खिशांचा काळा कोट आणि तशीच विजार करून घेतली. उधारीवर, हे सांगायला नको. इंदूरला कुणी साहेब नोकरी देणार होता आणि साहेबासमोर माणूस वजनदार दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मग निघाला त्या दिवशी असा काही उकाडा पेटला की कोट खुंटीवर राहिला आणि वजनदार माणूस सदऱ्यावरच गेला. "आठ दिवसांत येतो रे. तोवर कोटाला वारा दे," म्हणाला. ते आठ दिवस अजून चालू आहेत.

आमची खोली कोपरच्या बाजूला, आठ खोल्यांच्या एका बैठ्या चाळीत होती. मालक म्हणजे मूळचे मिठागरावरचे माणूस. वीस-पंचवीस वर्षं मिठात उभं राहून त्यांच्या टाचा अशा झाल्या होत्या की त्यांवर काडी ओढून चुलाणं पेटवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पुढे जमिनीला भाव आला, थोडी विकली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही चाळ बांधली. सगळी चाळ त्यांना बाबा म्हणायची.

खोली मुळात खोलीबंधूनं घेतलेली. भाडेपावती त्याच्या नावाची, मी नंतर आलेला अर्धा भिडू. तो तिथे राहतो आहे तोवर मीही राहणार. तो गेला असं बाबांना कळलं की मला कुठलाच हक्क नाही. नवा भाडेकरू तीनशे रुपये पागडी हातावर ठेवायला तयार होता, आणि तीनशे रुपयांपुढे माझ्यासारख्या कारकुनाला कोण ठेवून घेणार? त्यातून पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलेलं. मुलगी ठाण्याची. तिच्या वडिलांनी माझं तोंड पाहून होकार दिला नव्हता, पगार ऐकून तर नव्हताच. "मुलाचं डोंबिवलीत बिऱ्हाड आहे" या एका वाक्यावर तो होकार उभा होता. खोली गेली असती तर वाक्य गेलं असतं, आणि वाक्याबरोबर बायको.

म्हणून मी खोलीबंधूला जाऊच दिला नाही. त्याला ठाण्याच्या गिरणीत रातपाळी लावून टाकली. चाळ झोपल्यावर तो जातो, उजाडायच्या आत येतो आणि दिवसभर आत झोपतो, असं सगळ्यांना सांगितलं. त्याच्या जुन्या वहाणा दारात ठेवल्या. गरम कोट खिडकीतल्या खुंटीला असा टांगला की ओट्यावरून पाहणाऱ्याला आत पाठमोरा माणूस उभा आहेसं वाटावं. समोरच्या काकूंनी एकदा त्या कोटाला घरचं सगळं बरं आहे ना म्हणून विचारलं, आणि कोट काही बोलला नाही म्हणून तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

इथवर सगळं ठीक होतं. मग कार्डं यायला लागली.

खोलीबंधूनं कुणाची उधारी केली नव्हती हे विचारणंच सोपं. खाणावळ, धोबी, सायकल भाड्यानं देणारा, फळवाला. हे लोक पाकिटात पत्र घालत नसत. तीन पैशांच्या उघड्या कार्डावर लिहीत, म्हणजे देणेकऱ्याची अब्रू वाटेत जो भेटेल त्याला फुकट वाचायला मिळे. आमच्याकडे वाचणारा नेमका मीच होतो. पोस्टमन साऱ्या चाळीचं टपाल बाबांच्या ओट्यावर टाकून, कुठलं कुणाचं ते तोंडी सांगून पुढे जाई. बाबांना अक्षरओळख नव्हती. मिठाच्या गोणी मोजून आकडे तेवढे पक्के येत. त्यामुळे चाळीतलं कुठलंही कार्ड आलं की बाबांना ते ऐकायचं असे. ऐकण्यात आगाऊपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आपल्या चाळीतल्या माणसांचं सुखदुःख आपल्याला ठाऊक नको का? महिन्याच्या भाडेपावत्याही मीच लिहायचो आणि बाबा अंगठा उठवायचे.

शिंप्याचं पहिलं कार्ड आलं तेव्हा बाबांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला आणि माझ्या हातात दिलं. "रातपालीवाल्याचं हाय. वाच."

मजकूर असा होता की कोटविजारीचे रुपये ८५ येणे असून सहा महिने लोटले. मापे घेताना आपण सभ्य गृहस्थ वाटला होतात. हे मी वाचून दाखवलं असतं तर बाबांनी त्याच पावली आत जाऊन सभ्य गृहस्थांना झोपेतून उठवलं असतं, आणि हाताला कोट लागला असता.

"मामांचं आहे," मी म्हणालो. "त्याच्या खडवलीच्या मामांचं. विहीर खणतायत."

खडवलीच का सुचली, देव जाणे. त्या गावाला मी उभ्या जन्मात उतरलो नव्हतो.

बाबांनी कार्डावर बोट ठेवलं. "यो पंच्याऐंशी कसला?"

"पंच्याऐंशी हात खोल गेली. अजून पाणी नाही."

बाबांनी तंबाखू मळायची थांबवली. "खडवलीला नदी हाय, पोरा. नदीचे काठाला पंच्याऐंशी हात? यो मामा इहीर खनतंय का पातालात बिऱ्हाड बगतंय?"

"कातळ लागला ना, बाबा."

कातळ म्हटल्याबरोबर बाबांचा चेहराच बदलला. त्यांनी स्वतः तरुणपणी मागच्या अंगणात विहीर घेतली होती. कातळ लागला आणि सहा महिने त्यांनी पहारी मोडल्या. त्यांची आई पाण्याची वाट बघत बघतच गेली. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. खडवलीचे मामा त्या क्षणापासून त्यांचे झाले.

आणि मग ते म्हणाले, उत्तर लिव. कातळ फोडायला सुरुंग लागतो, सुरुंगाचा माणूस भिवंडीकडचा बघावा, पाणी कुठे लागेल ते सांगणारे पाणाडे दोन आणावेत आणि दोघांना एकमेकांचं कळू देऊ नये, असं बरंच त्यांनी मला सांगितलं. मी मान हलवत लिहिलं की आपले कार्ड पावले, रकमेची तजवीज चालू आहे, विलंबाबद्दल क्षमा असावी. खाली खोलीबंधूचं नाव आणि "यांजकरिता" म्हणून माझी एक न वाचता येणारी सही. बाबांनी ओळी मोजल्या. "एवडं बोललो नि एवडंच?" म्हणाले. मी म्हटलं, थोडक्यात बसवलंय. त्यांनी ते कार्ड स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं.

इथे माझं चुकलं. बाकीच्या सावकारांची कार्डं मी बाबांना खुशालीची म्हणून वाचून दाखवली होती, उत्तर कधी धाडलं नव्हतं. खाणावळवाली दोन कार्डांत थकली, सायकलवाला तिसऱ्या कार्डात मला माहीत असलेले सगळे प्राणी संपवून गप्प झाला. पण शिंप्याच्या साऱ्या आयुष्यात त्याच्या उधारीच्या कार्डाला उत्तर आलं नसावं. चौथ्या दिवशी उत्तर, वर क्षमा. तो माणूस वेडाच झाला. दर पंधरवड्याला कार्ड यायला लागलं, आणि दर कार्डाला बाबा उत्तर लिहवून घ्यायला लागले.

पुढे त्यानं व्याज लावलं आणि कार्डावर ९१ आले. बाबांना आकडा दिसला. विहीर सहा हात आणखी खाली गेली होती. बाबा सुस्कारा टाकून म्हणाले, त्या मामाची चिकाटी बघ नाहीतर तुमची ही चाळीतली माणसं, नळाचं पाणी पाच मिनिटं उशिरा आलं की बोंब मारतात.

मग मला राहवेना. एक तर शिंप्याचा कोट दिवसरात्र खिडकीत उभा राहून माझी खोली राखत होता. पहाऱ्याचा काही पगार नको? दुसरं असं की फळवाल्याचंही कार्ड आलं होतं. दोन महिन्यांच्या मोसंब्यांचे पैसे. आदल्या वर्षी मला विषमज्वर झाला तेव्हा खोलीबंधू रोज सहा मोसंबी आणून, सोलून, फोडीवरचा पापुद्रासुद्धा काढून मला भरवायचा. एकवीस दिवस तो माझ्या उशाशी बसला होता, आणि ताप उतरल्यावरही महिनाभर मोसंबी चालूच होती. मी विचारलं की पैसे कुठून आणतोस, तर म्हणायचा, फळवाला माझा चाहता आहे. ती सगळी उधारी माझ्या पोटात गेली होती. फळवाल्याचे पैसे मी त्याच दिवशी जाऊन चुकते केले आणि शिंप्याला पाच रुपयांची मनिऑर्डर केली.

पुढच्या कार्डावर ८६ आले.

बाबा कार्डाकडे बघतच राहिले. "परवा एक्यान्नव होती. आता शाऐंशी कशी? इहीर वर येते काय?"

"कड ढासळली, बाबा. पाच हात गाळानं भरली."

बाबा त्या दुपारी जेवले नाहीत. मी महिन्या-दोन महिन्यांनी पाच रुपये पाठवायचो आणि खडवलीत विहिरीची कड ढासळायची. मी जेवढा प्रामाणिक, तेवढे बाबा दुःखी. चौथ्यांदा कड ढासळून विहीर एकाहत्तरावर आली तेव्हा बाबांनी गावदेवीला नवस बोलला, की खडवलीला पाणी लागू दे, तुला नारळ आणि खण देतो. मामा त्यांनी पाहिलेला नाही, गाव पाहिलेलं नाही, पण मिठागरात अर्धं आयुष्य खारं पाणी काढलेल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत वेगळीच असते.

फाल्गुनात एका रविवारी सकाळी मी ओट्यावर बाबांच्या मागे बसून वर्तमानपत्र चाळत होतो. एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ फाटकातून आत आले. काळी टोपी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, आणि रविवार असूनही गळ्यात माप घ्यायची फीत. बाबांसमोर उभे राहून त्यांनी खोलीबंधूचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, ते इथेच राहतात ना, त्यांना कार्डं घालतो तो मी.

बाबा असे उठले की मला वाटलं गुडघे तिथेच विसरून उठले. पाहुण्याचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत धरले.

"मामा," बाबा म्हणाले, "पानी लागलं?"

शिंपी बाबांकडे बघत राहिले. मग त्यांची नजर बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. मी मागे उभा राहून हात जोडले होते. जमलं असतं तर पायही जोडले असते. इतकी लाचारी मी त्यानंतर फक्त बढतीच्या वेळी दाखवली. म्हातारबुवांनी चष्मा वर सरकवला, माझे हात बघितले, खिडकीतला कोट बघितला, आणि घसा साफ केला.

"लागलं," ते म्हणाले. "परवाच लागलं."

"गोड हाय?"

"साखर."

बाबांनी डोळे पुसले. आतून गूळ-पाणी मागवलं आणि लगोलग नारळ-खण घेऊन गावदेवीकडे निघालेसुद्धा, पाहुण्यांना जाऊ देऊ नको, असं मला तीनदा बजावून.

शिंप्यांना मी खोलीत नेलं. ते आधी कोटाजवळ गेले, कॉलरीवरून बोट फिरवलं, अस्तर उलटून बघितलं, खिशात हात घालून नाकाशी नेला.

"ब्रश कोण करतं?"

"मी."

"घातलात कधी?"

"मला कसा होईल? त्याची छाती मोठी."

"छत्तीस. तुमची एकतीस, आणि डावा खांदा उतरता," ते न मापताच म्हणाले. "गेले ना ते?"

"अकरा महिने झाले."

"आणि मनिऑर्डरी?"

मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ते ट्रंकेवर बसले. त्यांना मी सगळं सांगितलं: पावती, पागडी, लग्न, विहीर. विहिरीशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. एकाहत्तर हात म्हटल्यावर त्यांनी फितीनं तोंड दाबून धरलं. मग चष्मा पुसत म्हणाले की मालकासमोर भाडेकरूची उधारी बोलायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला रिवाज. माणसाचं बिऱ्हाड सुटलं की तो नाहीसा होतो, आणि त्याच्याबरोबर उधारीही. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला बिऱ्हाडातून काढवलं नव्हतं.

"म्हणून पाणी लावून दिलं," ते म्हणाले. "पण त्या माणसानं डोळे पुसले हो. मला पुढे बोलवेना. खरं काय ते त्यांना तुम्ही सांगा. आज सांगा."

कोट परत न्या म्हटलं तर म्हणाले, राहू दे. कोटवाला आला तर घालील काय? उरलेले पैसे पुढे मी दोन-दोन रुपयांनी फेडले. व्याजाचे सहा त्यांनी घेतले नाहीत.

बाबा परत आले, मामांना प्रसादाचं खोबरं दिलं, फाटकापर्यंत पोचवायला गेले. ते वळून ओट्यावर बसले तेव्हा मी त्यांच्यापुढे खाली जमिनीवर बसलो आणि सांगितलं. रातपाळी नाही, माणूस अकरा महिने इथे नाही, आलेले गृहस्थ शिंपी, कार्डं उधारीची. मला वाटत होतं, आता खोलीचं काढतील. पण त्यांनी खोलीचं नावच काढलं नाही.

"म्हंजे पानी नाय?"

"विहीरच नाही, बाबा."

"कातल?"

"कातळही नाही."

"मी देवीला नारल दिला," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

पुढचे आठ दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावर कार्डं साचली. दगड ठेवून त्यांनी ती तशीच ठेवली, कुणाकडून वाचून घेतली नाहीत. चाळीत कुजबुज सुरू झाली. मी एका संध्याकाळी भांडी गोणत्यात भरून ठेवली. ठाण्याला सासुरवाडीत काय सांगायचं, याची बारा-पंधरा वाक्यं तयार केली. त्यांतलं एकही सासऱ्यांना पटण्यासारखं नव्हतं.

पहिल्या तारखेला बाबांनी हाक मारली. पुढ्यात पावतीबुक, शाईची बाटली, टाक.

"कल्यानला वकिलाकडं गेलतो," ते म्हणाले. "बुक नेलतं. त्याकडून सगल्या पावत्या वाचून घेतल्या. दर म्हैन्याला त्याचंच नाव."

"हो."

"लिवनारा तू. मी आपला आंगठा मारतंय. तुजं नाव लिवलं असतंस तं माना काय कललं असतं?"

"दर महिन्याला मनात यायचं, बाबा."

"मंग?"

"कार्डं त्याची होती," मी म्हणालो. "पावती तुमची."

बाबांनी तंबाखू मळायला घेतली. वकिलानं काय सल्ला दिला तो त्यांनी सांगितला: नोटीस द्या, बाहेर काढा, तीनशे पागडी घ्या. मग मळलेली तंबाखू दाढेखाली ठेवून म्हणाले, "कार्डांचं माज्या मनातून जायला टाइम लागंल. तवर माज्याशी बोलायला येऊ नको. आता लिव. तुजं नाव लिव."

मी टाक बुडवला. माझं स्वतःचं आडनाव मला दोनदा आठवावं लागलं.

"आनि भाडं नऊचं अकरा कर."

मंडईत वांग्यांच्या दोन पैशांवरून तासभर हुज्जत घालणारा मी, पण ते अकरा मी इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिले की शाळेत असतो तर बक्षीस मिळालं असतं. बाबांनी अंगठा उठवला. शाई वाळायच्या आत मी निघालो. पावतीला घडी पडू नये म्हणून ती दोन्ही हातांत आडवी धरून ठाण्यापर्यंत गेलो. वाटेत किती माणसांनी मला देवाच्या पालखीसाठी वाट द्यावी तशी वाट दिली, ते सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही.

सासऱ्यांनी चष्मा लावला, माझं नाव वाचलं, तारीख वाचली, अंगठा उजेडात धरून बघितला. मग पावती मला परत दिली.

"अकरा जरा जास्तच आहेत," ते म्हणाले, आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.